"चळलं बघ" म्हणायचं का "वात झालाय"? अचानक भान सुटण्याला आपल्याकडं नेमका शब्द कुठला?

आमच्या वाळवा भागात म्हातारं माणूस असंबद्ध बोलाय लागलं की एकच शब्द, "चळलं बघ". नाहीतर म्हातारचळ. गेल्या उन्हाळ्यात आमची आज्जी दुपारपर्यंत पापड मोजून डब्यात भरत होती आणि दिवे लागायच्या वेळेला मला म्हणाली तू कुणाची गं, आणि भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणून बोट दाखवाय लागली. शेजारच्या काकी म्हणाल्या वय झालं, चळ लागलाय, आणि आम्हीपण तेच धरून दीड दिवस घरात बसलो. तिला ताप नव्हता, खोकला नव्हता, काहीच नाही. दवाखान्यात नेल्यावर कळलं लघवीचं इन्फेक्शन आणि सोडियम पण खाली आलेलं. आठवड्यात आज्जी पूर्ववत झाली पण तो दीड दिवस माझ्या मनातनं जात नाही. डॉक्टर डेलिरियम म्हणाले. घरात बोलताना ह्याला काय म्हणायचं? कारण चळलं म्हटलं की कोण उठून दवाखान्यात जात नाही.

—

ताई, कराडकडं जुनी माणसं "वात झालाय" म्हणायची, तापात बरळणाऱ्याला. वैद्य लोकांचा सन्निपात तोच, तिन्ही दोष एकदम बिघडले असा अर्थ. शब्द चांगला होता, त्यात घाई होती, वात झाला म्हटलं की रात्रीत बैलगाडी जुंपायचे. आता वात म्हटलं की पोरांना गुडघेदुखी आठवते. भ्रम बरोबर वाटतो, मूळ अर्थ गरगर फिरणं, आपली भोवळ त्यातनंच आली, पण भ्रमिष्ट म्हटलं की कायमचा शिक्का बसतो. आणि स्मृतिभ्रंश तर वेगळाच आजार, तो महिन्या-वर्षांत हळूहळू येतो. तुमच्या आज्जींचं तासा-दोन तासांत झालं, सकाळी बरं रात्री जास्त असं कमीजास्त होत राहतं, ही खूण लक्षात ठेवा. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाचं पण अचानक जास्त बिघडलं तर ते आधीचंच म्हणून सोडायचं नाही.

एक गंमतीशीर गोष्ट, डेलिरियम मूळ लॅटिन आणि त्याचा अर्थ नांगरताना तास, म्हणजे नांगराची सरळ ओळ, सोडून जाणं. म्हणजे आपल्या शेतातलंच की!

—

हे आज्जीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, बैल तास सोडाय लागला की आधी जू बघायचं, मान कुठं सोललीय का. मला हे फार पटलं.

—

मी मिरजेत वॉर्डला ड्युटी करते. शब्द कुठलापण वापरा पण डॉक्टरला "कधीपासनं" हे आधी सांगा. "काल दुपारपर्यंत व्यवस्थित होत्या, संध्याकाळपासनं भान सुटलंय", एवढ्या एका वाक्यानं आमचं अर्धं काम होतं. "वयामुळं जरा विसरतात" म्हणून आणलं तर तपास दुसरीकडंच जातो.

कारणं लय असतात, इन्फेक्शन, न्यूमोनिया, पाणी कमी पडणं, लघवी तुंबणं, अगदी आठ दिवसांची बद्धकोष्ठता पण. पाणी काढायच्या बीपीच्या गोळीनं सोडियम उतरतं. सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी पण होतं, म्हणून गोळ्यांची पिशवी सगळी घेऊन या आणि घरच्या घरी झोपेची गोळी देऊन गप्प करू नका. शुगरवाला असेल तर पहिल्यांदा मशीनवर शुगर बघा, ७० च्या खाली असेल आणि माणूस नीट गिळत असेल तर साखरपाणी द्या, गुंगीत असेल तर तोंडात काही ओतू नका. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली आणि दोन-तीन दिवसांनी हात थरथरून नसलेलं दिसाय लागलं तर तेपण इमर्जन्सीच.

तोंड वाकडं, हातात ताकद नाही, बोलणं जड, डोक्याला मार, फिट, श्वास लागणं, मान ताठ होऊन ताप, ह्यातलं एक जरी असलं तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आतच देता येतं. ह्यातलं काही नसलं आणि नुसतं भान सुटलं असलं तरी त्याच दिवशी दाखवायचं.

आणि सगळे बरळत नाहीत हो. काही नुसतं पडून राहतात, हाक मारली की उशिरा बघतात, जेवत नाहीत, आणि घरचे म्हणतात बरं झालं आज शांत झोपलेत. हे जास्त चुकतं.

—

म्हणजे आमच्या घरात आजपासनं "भान सुटलंय", आणि पुढं वेळ सांगायची. चळलं बंद. पण ताई, ह्या गप्प पडून राहणाऱ्याला काय म्हणायचं? मलूल म्हटलं तर नुसती कणकण वाटते, गुंगी म्हटलं तर औषधाची वाटते. पाटण, शिराळा, जत कडं कुणाच्या घरात ह्याला वेगळा शब्द असेल तर सांगा.