पासकी करावी का? फोनच गेला तर आपण आपल्याच खात्याबाहेर?

अर्धवट_अपडेट

गेले काही महिने कुठेही लॉगिन केलं की ती खिडकी येतेच, "पासकी बनवा, पासवर्डची कटकट संपवा", आणि मी दरवेळी "नंतर" दाबतो. आता ते "नंतर" पण इतकं बारीक आणि फिकट करून ठेवलंय की शोधावं लागतं, म्हणून म्हटलं एकदाचं इथे विचारूनच घ्यावं.

का घाबरतोय ते सांगतो. मध्यंतरी माझा फोन मेला. पडला नाही, भिजला नाही, रात्री चार्जिंगला लावला आणि सकाळी उचलला तर काळा ठिक्कर, दुरुस्तीवाला म्हणाला बोर्ड गेला. लॉगिनचे सहा आकडी कोड देणारं ॲप त्याच फोनमध्ये, आणि त्याचं सिंक मी "कशाला उगाच क्लाउडवर" म्हणून मुद्दाम बंद ठेवलेलं. बरं रिकव्हरी कोड घेतले नव्हते असंही नाही, घेतले होते ना, शहाण्यासारखा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. त्याच फोनमध्ये.

हसून झालं असेल तर पुढे सांगतो. मुख्य ईमेल परत मिळायला ११ दिवस लागले. फॉर्ममध्ये विचारतात खातं कोणत्या महिन्यात उघडलं, अहो मला मागच्या आठवड्यातलं आठवत नाही. दोनदा भरला, दोनदा नाकारला. आणि सगळ्यात चीड कशाची आली तर पासवर्ड मला तोंडपाठ होता! टाकला की साइट म्हणणार बरोबर आहे, आता फोनवरचा कोड द्या. म्हणजे चोरासाठी लावलेल्या कुलपात मीच अडकलो.

आता पासकी म्हणजे तर पासवर्डच नाही, सगळं फोनवरच. हे आगीतून फुफाट्यात नाही का? शिवाय माझा अंगठा त्या साइटकडे जातो का हेही नीट कळलेलं नाही. ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा, जाहिरात नको.

रात्रपाळी

आधी अंगठ्याचं. तो कुठेही जात नाही. बोटाचा ठसा किंवा चेहरा फक्त तुमच्या फोनला पटवायला की समोर तुम्हीच आहात, त्याचं काम तिथेच संपतं. पासकी करताना फोन किल्ल्यांची एक जोडी बनवतो, एक खासगी, ती तुमच्याकडे राहते, आणि एक सार्वजनिक, ती साइटला दिली जाते. लॉगिनच्या वेळी साइट एक भलामोठा रँडम आकडा पाठवते, तुमचा फोन खासगी किल्लीने त्यावर सही करून परत देतो, साइट तिच्याकडच्या किल्लीने सही ताडून बघते. बस. साइटचा डेटाबेस उद्या कोणी पळवला तरी त्याला मिळणार फक्त सार्वजनिक किल्ल्या, त्यांचं तो काय करणार. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीच्या डेटाबेसमधून ३ कोटी २० लाख पासवर्ड गेले होते, तेही साध्या मजकुरात ठेवलेले, म्हणजे नुसते उघडायचे आणि वाचायचे. पासकीत तो प्रकारच उरत नाही.

पण मला ज्याने पटलं ते वेगळंच आहे. मी सर्व्हर सांभाळतो, सिक्युरिटीवर दुसऱ्यांना लेक्चर देतो, आणि तरी एका रात्री २ वाजता, डोळे तारवटलेले, "तुमच्या खात्यात संशयास्पद हालचाल" असं मेल आलं, लिंक दाबली, पासवर्ड टाकला, एसएमएसवर ओटीपी आला तोही टाकला. मग पान नुसतं गोल गोल फिरत राहिलं. तेव्हा वर ॲड्रेसकडे बघितलं तर एक अक्षर जास्तीचं. पलीकडे बसलेला प्रोग्राम माझा ओटीपी त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकत होता. नशीब म्हणून लगेच सगळी सेशन बंद करून पासवर्ड बदलता आला. पासकी असती तर हे झालंच नसतं कारण पासकी त्या डोमेनला, म्हणजे साइटच्या खऱ्या पत्त्याला, बांधलेली असते आणि ब्राउझर स्वतः डोमेन बघतो, खोट्या पानावर ती पुढेच येत नाही. मी झोपेत असलो तरी ब्राउझर झोपेत नसतो.

तुमची अडचण मात्र खरी आहे, ती मी नाकारत नाही. फक्त ती पासकीची नाही. ती "एकच फोन, एकच प्रत" ची आहे, आणि ती तुमच्यावर पासकीशिवायच ओढवली की.

जुनाखांब

रात्रपाळी, गणित बरोबर आहे पण मला या "आता सगळं सुटलं" सुराची ॲलर्जी आहे. आपल्याला कितीदा सांगून झालंय की हेच शेवटचं उत्तर. एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह आणि दर ९० दिवसांनी बदला हे आठवतंय ना? ते जिथून पसरलं तो अमेरिकेतल्या निस्टचा (मानकं ठरवणारी तिथली सरकारी संस्था) २००३ चा दस्तऐवज ज्यांनी लिहिला त्या बिल बर यांनीच २०१७ मध्ये जाहीर सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो. निस्टनेही त्याच वर्षी नियम फिरवला, कारण नसताना पासवर्ड बदलायला लावू नका म्हणून. तोवर जगभर लोक शेवटचा १ काढून २ करत बसले होते, १४ वर्षं. आमच्या ऑफिसात तर अजूनही तेच चाललंय, माझा सध्या १७ वर आलाय.

आणि पासवर्डचं रडगाणं काही नवं नाही. एमआयटीत १९६२ मध्ये ॲलन शेर नावाचा संशोधक होता, त्याला सीटीएसएस मशीनवर, म्हणजे सगळ्यांनी वाटून वापरायच्या कॉम्प्युटरवर, आठवड्याला ४ तास मिळायचे, ते पुरेनात, तर त्याने पंचकार्ड टाकून सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली. कॉम्प्युटरवर पासवर्ड आले त्याला जेमतेम वर्ष होत होतं!

माझा खरा मुद्दा पुढे आहे. पासकी लावल्यावर साइट जुना पासवर्ड काढून टाकते का? बहुतेक ठिकाणी नाही. "दुसऱ्या पद्धतीने लॉगिन करा" अशी ओळ खाली असतेच, तिथून पासवर्ड आणि एसएमएस. म्हणजे पुढचं दार लोखंडी आणि परसदार सताड उघडं. चोर काय पुढूनच येणार आहे असं कुठे लिहिलंय. तो सिमकार्डच स्वतःच्या नावावर फिरवून घेईल आणि "पासवर्ड विसरलो" दाबेल.

आता अर्धवटरावांसाठी ते परसदारही बंद करा म्हणावं तर ते ११ दिवसांचे ११० होतील. इथे सगळे कुलपावर बोलतात, पण भांडण खरं तर किल्ली हरवल्यावर काय यावर आहे, आणि त्यावर कुठलीच कंपनी मोठ्या अक्षरात काही लिहीत नाही.

कळफलक

जुनाखांब यांच्या शेवटच्या वाक्याला दहा लाइक. तरीपण मी पासकी वापरते, दीड वर्ष झालं, तर जे प्रत्यक्षात नडलं ते सांगते.

पासकी कुठे साठते हे बघितल्याशिवाय "हो" म्हणायचं नाही. ती खिडकी आली की आपण अंगठा लावून मोकळे, पण ती जाते कुठे? ॲपलच्या फोनवर असाल तर बहुधा आयक्लाउड कीचेनमध्ये, अँड्रॉइडवर गूगल पासवर्ड मॅनेजरमध्ये, विंडोजवर कधी त्या लॅपटॉपपुरतीच. पहिल्या दोन्हींत सिंक असतं, म्हणजे फोन मेला तरी त्याच खात्याने नवा फोन चालू केला की परत येते, अर्थात ते खातं उघडता आलं पाहिजे, तिथेच तर मेख आहे. मी फोनची कंपनी बदलली तेव्हा कळलं की माझ्या ९ पासकी जुन्या बाजूलाच बसल्यात, उचलून इकडे आणायची सोयच नव्हती. शेवटी एकेका साइटवर जाऊन नव्या बनवल्या, एक अख्खी दुपार गेली. पासकीचे नियम ठरवणाऱ्या फिडो अलायन्सने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अशी ने-आण करायच्या पद्धतीचा मसुदा काढलाय, म्हणजे त्यांनाही हे माहीत होतंच. पण आधी लोकांना आत घ्यायचं आणि मग दरवाजा कुठे ठेवायचा ते ठरवायचं, ही यांची जुनी सवय.

आता मी सगळ्या वेगळ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवते. बिटवॉर्डन चालेल, क्लाउड नकोच असेल तर कीपासएक्ससी, त्याची फाइल तुमच्याच ताब्यात, पण मग बॅकअपही तुमच्याच डोक्यावर. आणि ईमेलसाठी एक यूएसबीची हार्डवेअर की, पेनड्राइव्हसारखी, लॉगिनच्या वेळी लावायची. एक नाही, दोन! एक किल्ल्यांच्या जुडग्यात आणि एक कपाटात. एकच घेतलीत तर तुमच्या मेलेल्या फोनचीच धाकटी बहीण आणल्यासारखं होईल.

टिंबटिंब

मला यातलं टेक्निकल फार कळत नाही पण एक शंका. आमच्या बाबांच्या फोनचा पिन चार आकडी आहे आणि तो घरात सगळ्यांना माहितीय, धाकट्या भाचीला पण, ती गेम खेळते. बोट ओलं असलं की फोन पिनच मागतो. मग पासकी म्हणजे त्या चार आकड्यांवर बाबांची सगळी खाती उघडणार का?

रात्रपाळी

टिंबटिंब, फार कळत नाही म्हणता आणि नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. हो. बोट नाही चाललं की फोनचा पिन, म्हणजे शेवटी सगळी मदार त्या पिनवर. आयफोनवाल्यांच्या बाबतीत हेच झालं होतं, चोर आधी मागे उभं राहून पासकोड बघायचे आणि मग फोन हिसकावायचे. म्हणून तर ॲपलने २०२४ च्या जानेवारीत आयओएस १७.३ मध्ये ते स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन (चोरीच्या फोनसाठीचं जादा कुलूप) आणलं. बाबांचा पिन सहा आकडी करा आणि भाचीला सांगू नका. भाचीला गेमसाठी दुसरं जुनं काहीतरी द्या.

जुनाखांब, परसदाराचं मान्य. माझ्या उत्साहात ते राहिलंच. काही साइट आता पासवर्ड काढायची सोय देतात, मायक्रोसॉफ्टने २०२५ च्या मे महिन्यापासून नवीन खाती बिनपासवर्डचीच ठेवलीत, पण बाकीचे अजून दोन्ही डगरींवर हात ठेवून आहेत.

जुनाखांब

मान्य केलंत, नोंद घेतली आहे. तारीख लिहून ठेवतो :)

अर्धवट_अपडेट

सगळ्यांचे आभार, काल सुट्टी होती तर करूनच टाकलं. पण उलट्या बाजूने सुरू केलं. फोन स्विच ऑफ करून ड्रॉवरमध्ये टाकला आणि ठरवलं की आज तो मेलाय, आता लॅपटॉपवरून, तेही ब्राउझरच्या कोऱ्या प्रोफाइलमधून, कुठे कुठे शिरता येतं बघू.

ईमेलवरच पहिला ठोका. "दुसरी पद्धत" दाबलं तर म्हणतो ८३ ने संपणाऱ्या नंबरवर कोड पाठवू का. माझा नंबर ८३ ने संपतच नाही! पाच मिनिटं नुसता बघत बसलो, मग ट्यूब पेटली, तो कॉलेजातला नंबर, बंद करून सात-आठ वर्षं झाली. म्हणजे तो आज कोणा भलत्याकडे असणार आणि माझ्या खात्याची मागची किल्ली इतकी वर्षं त्याच्या खिशात, त्याला बिचाऱ्याला पत्ताही नाही. मी ११ दिवस झगडून खातं परत मिळवलं आणि नंतर सेटिंगमध्ये डोकावलोच नव्हतो. तो नंबर आधी उडवला.

मग नवे रिकव्हरी कोड काढले, आठ आहेत, आणि हाताने कागदावर लिहिले. एकात शून्य आहे की ओ हे माझं मलाच कळेना म्हणून शून्यात तिरकी रेघ मारली. पासकी फक्त तीन ठिकाणी केली, ईमेल, पासवर्ड मॅनेजर आणि कामाचं खातं, फोनवर एक आणि लॅपटॉपवर एक अशी दोन-दोन. हार्डवेअर कीचं बघतो. बाकीच्या साइटना अजून "नंतर".

संध्याकाळी फोन चालू केला तर तेवढ्या वेळात कोणाचाच फोन आलेला नव्हता, ते जरा लागलं.

एकच राहिलं, तो कागद कुठे ठेवायचा?

कळफलक

कुठेही ठेवा, फक्त इथे सांगू नका. आणि फोटो काढू नका त्याचा.

अर्धवट_अपडेट

...काढला होता. डिलीट केला आत्ता. रिसायकल बिनमधून पण.