पीएस ४ (सोनीचा प्लेस्टेशन गेम कन्सोल) वरून पीएस ५ वर जाऊ का? मदत हवी आहे

२०१८ पासून पीएस ४ स्लिम वापरतोय, ५०० जीबीवाला, अजून ठणठणीत आहे, पण बरेचसे नवे गेम आता फक्त पीएस ५ वरच येतायत म्हणून मन चळतंय. वीसेक डिस्क जमल्यात (निम्म्या सेकंडहँड) त्यामुळे नुसती डिजिटल एडिशन बाद, डिस्क ड्राइव्हवालाच घेणार. दुकानात जाऊन डेमो बघून आलो, भारीच वाटला, पण तिथे ६५ इंची फोर-के टीव्ही होता आणि आमच्याकडे ४३ इंची फुल एचडी, ६० हर्ट्झ. टीव्ही एवढ्यात बदलणार नाही, बायकोने स्पष्ट सांगितलंय. पीसी सुचवू नका प्लीज. साध्या फुल एचडी टीव्हीवर पीएस ५ कोणी लावलाय का, आणि लोडिंगचा वेळ सोडला तर रोज खेळताना फरक जाणवतो का?