मदत हवी आहे: कॉलेज फुटबॉलच्या कोचची खुर्ची किती पक्की, हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि शाळेच्या टीमचा किकर आहे, म्हणजे चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारा. (अमेरिकन फुटबॉल. आपला फुटबॉल तो लहानपणापासून खेळायचा, तिथूनच हे सुरू झालं.) दोन सरकारी विद्यापीठांनी त्याला 'प्रिफर्ड वॉक-ऑन' म्हणून बोलावलंय. म्हणजे टीममध्ये जागा आहे, पण स्कॉलरशिप नाही. ही जागा कुठल्या कागदावर नाही, कोचच्या शब्दावर आहे. त्यामुळे कोच टिकणार की जाणार, हा आमच्या घरातला सध्याचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

"किती सामने जिंकतो ते बघा, झालं," असं जो तो सांगतो. मला ते पटत नाही. नेब्रास्का विद्यापीठाचंच घ्या. कोच फ्रँक सोलिचना २००३ मध्ये काढलं तेव्हा त्या सीझनचा हिशोब ९-३ (नऊ विजय, तीन पराभव) होता. बो पेलिनींनी सात सीझनमध्ये एकदाही नऊच्या खाली सामने जिंकले नाहीत, तरी २०१४ मध्ये त्यांनाही ९-३ वरच घरी पाठवलं. त्यांच्यानंतर आलेले माइक रायली १९-१९ करून गेले. मी सगळ्यांच्या नेमणुकीच्या तारखा शोधून काढल्या. सोलिच, कॅलहन, पेलिनी, रायली, फ्रॉस्ट: या पाचही जणांना ज्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरने (विद्यापीठाच्या सगळ्या खेळांचा प्रमुख) काढलं, तो त्यांना नेमणारा नव्हता. कॅलहन आणि फ्रॉस्ट हरतच होते, हे खरं. पण पाचपैकी पाच? टेक्सास ए अँड एमचे जिम्बो फिशर आणि पेन स्टेटचे जेम्स फ्रँकलिन यांचंही तेच झालं. मला तरी आता कोणी कोचबद्दल विचारलं, तर मी आधी विचारेन, याला आणलं कोणी आणि तो माणूस अजून खुर्चीवर आहे का?

करारातल्या पैशांचा आधार किती धरायचा, हेही कळत नाही. फिशरना २०२३ मध्ये काढताना बायआउट (मुदतीआधी काढलं तर कोचला द्यायची भरपाई) साडेसात कोटी डॉलरच्या वर होता, तरी काढलंच. फ्रॉस्टचा बायआउट १ ऑक्टोबर २०२२ ला दीड कोटीवरून निम्म्यावर येणार होता. विद्यापीठाने तीन आठवडेसुद्धा कळ काढली नाही, ११ सप्टेंबरलाच नारळ दिला.

आता आमच्यासमोरची दोन कॉलेजं. पहिल्याचा कोच जिंकतोय, पण डायरेक्टर गेल्या वर्षीच आलाय. करार मागवून वाचला, तर डिसेंबरमध्ये बायआउट बराच खाली येतोय. तिथल्या स्पेशल टीम्सच्या, म्हणजे किकर वगैरेंच्या, कोचच्या ऑफिसात बसलो होतो. माणूस फार आपुलकीने बोलला, पण त्याची पुस्तकांची खोकी भिंतीला लावून तशीच टेपबंद होती. तो तिथे दुसरा सीझन काढतोय. दुसऱ्या कॉलेजचा कोच निम्मे सामने हरतो, पण त्याला आणणारा डायरेक्टर जागेवर आहे आणि सहायकांचे करारही नुकतेच वाढवलेत. मुलाचा ओढा पहिल्याकडे, माझा दुसऱ्याकडे.

इथे बरेच जण वर्षानुवर्षं हा खेळ बघणारे आहात, काहींची मुलं कॉलेजच्या टीममध्ये होती. अजून काय तपासू? आणि भेटीत कोचला तोंडावर काय विचारलं तर चालतं?

प्रतिसाद

ताई, डायरेक्टरचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. फक्त तिथेच थांबू नका, त्याच्या वर कोण आहे तेही बघा. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) कोच ब्रायन केलींना काढलं. त्यांना आणणारे डायरेक्टर स्कॉट वुडवर्ड तेव्हा जागेवरच होते, आणि काही दिवसांतच त्यांनाही जावं लागलं. खुद्द गव्हर्नर कोचच्या करारावर जाहीरपणे बोलत होते. ऑबर्न विद्यापीठात तर २००३ साली टॉमी ट्यूबरव्हिल कोच असतानाच विद्यापीठाचे अध्यक्ष आणि डायरेक्टर दोघे विमानाने गुपचूप दुसऱ्या कोचला भेटायला गेले होते. बातमी फुटली, ट्यूबरव्हिल राहिले आणि पुढच्या सीझनला १३-० झाले. विश्वस्त आणि मोठे देणगीदार कोणाच्या बाजूचे, ते स्थानिक वर्तमानपत्राच्या वार्ताहराला नेमकं ठाऊक असतं. त्याचे जुने लेख काढून वाचा.

सहायकांचे करार वाढवले, ही खूण मला हेड कोचच्या कराराइतकीच मोलाची वाटते. काढायचा विचार असेल तर खालच्या लोकांवर कोणी आणखी पैसे बांधून ठेवत नाही.

पण तुमच्या मुलासाठी हेड कोचपेक्षा स्पेशल टीम्सचा कोच महत्त्वाचा. त्याने शब्द दिलाय, तो गेला की शब्द गेला. त्यात २०२५ पासून खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या योजनेत सामील झालेल्या कॉलेजांना १०५ खेळाडूंची मर्यादा आहे, त्यामुळे पूर्वीसारखे वाटेल तेवढे वॉक-ऑन ठेवता येत नाहीत. सरळ विचारा: १०५ मध्ये किकर किती ठेवता, आत्ताचे किकर कुठल्या वर्षाला आहेत, ट्रान्स्फर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) अनुभवी किकर आणायचा विचार आहे का? यात काही गैर नाही, सगळे पालक विचारतात. "तुम्ही इथे किती वर्षं राहणार?" हे मात्र विचारू नका, खरं उत्तर कोणीच देत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार, दादा. १०५ चा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आत्ता दोन्ही टीमच्या खेळाडूंच्या याद्या उघडून बसलेय. पहिल्या कॉलेजकडे तीन किकर आहेत, त्यातले दोघे पहिल्या वर्षाचे. दुसऱ्याकडे दोन, आणि मुख्य किकरचं हे शेवटचं वर्ष. मुलाला दाखवलं, तो गप्पच झाला. दुसऱ्या कॉलेजची भेट पुढच्या शनिवारी आहे. किकरबद्दलचे प्रश्न तो स्वतःच विचारणार आहे, मी बोलायचं नाही असं ठरलंय. कोणाला आणखी काही सुचलं तर त्याआधी जरूर लिहा.