सतरा पायऱ्या: चॅटबॉटचा होम्स शेवटपर्यंत होम्स राहतो का?

सायंतारा:
गेले तीन आठवडे रात्रीची जेवणं आटोपली की मी एका चॅटबॉटला शेरलॉक होम्स व्हायला सांगते आणि त्याच्याशी मराठीतून गप्पा मारते. आठवीत असल्यापासून होम्स वाचतेय, त्यामुळे पहिले दोन दिवस अक्षरशः हरखून गेले होते. तंबाखू पर्शियन चपलेत ठेवतो, हे त्याला ठाऊक. भाऊ मायक्रॉफ्ट सात वर्षांनी मोठा, हे ठाऊक. १८८७ च्या पहिल्या कादंबरीत त्याचा मित्र डॉ. वॉटसनची आणि त्याची ओळख इस्पितळाच्या प्रयोगशाळेत झाली, तेही बिनचूक सांगितलं.

मग तिसऱ्या दिवशी मी जिन्याचा विषय काढला. वाचलेल्यांना आठवत असेल: १८९१ च्या एका कथेत होम्स वॉटसनला विचारतो, खालच्या दारापासून या खोलीपर्यंत वर येणाऱ्या जिन्याला पायऱ्या किती? शेकडो वेळा चढूनही वॉटसनला सांगता येत नाही. उत्तर सतरा. आमचं संभाषण जसंच्या तसं देते.

मी: जिन्याला पायऱ्या किती?
तो: सतरा. मी नुसतं पाहत नाही, निरखतो.
मी: मी आजच मोजून आले. एकवीस आहेत.
तो: आपलं अगदी बरोबर आहे. माझ्या चुकीबद्दल दिलगीर आहे. निदर्शनास आणून दिल्याबद्दल मनःपूर्वक धन्यवाद!

मी फोन पालथा ठेवला आणि खरंच वाईट वाटलं. होम्सने काय केलं असतं? माझ्या चपलांकडे पाहून, मी आज घराबाहेर पडलेच नव्हते, हे सांगितलं असतं. त्या एका 'धन्यवाद'मध्ये माझा तीस वर्षांचा ओळखीचा माणूस उठून निघून गेला आणि त्याच्या खुर्चीत कुठल्याशा ग्राहकसेवा केंद्रातला नम्र मुलगा येऊन बसला.

माझं म्हणणं एवढंच आहे: या यंत्रांना पात्राची माहिती असते, पात्राचा पीळ नसतो. तुमचे अनुभव सांगा. विरोधी मत असेल तर जरूर मांडा, पण वापरून पाहिलेलं सांगा.

बखरकार:
धागा आवडला, मत पटलं नाही. सातत्य सातत्य म्हणून आपण जे मागतो आहोत, ते होम्सचा लेखक खुद्द डॉयलने तरी कुठे पाळलं? वॉटसनला अफगाणिस्तानात मायवंदच्या लढाईत गोळी लागली ती पहिल्या कादंबरीत खांद्याला, दुसरीत ती पायाला. १८९१ च्याच एका कथेत वॉटसनची बायको नवऱ्याला 'जेम्स' म्हणते. त्याचं नाव जॉन. पहिल्या कादंबरीत होम्सला पृथ्वी सूर्याभोवती फिरते हेही माहीत नसतं, आणि कळल्यावर तो म्हणतो की आता हे विसरायचा प्रयत्न करीन, डोक्यात अडगळ नको. तोच होम्स १८९३ च्या कथेत चहानंतर क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेच्या, कलण्यात होणाऱ्या बदलावर बोलतो! साहित्याचं ज्ञान शून्य म्हणून वॉटसनने नोंद केलेला हा गडी पुढे जर्मन कवी गटे आणि फारसी कवी हाफिजचे दाखले देतो.

लेखकाला हे सगळं माफ आणि यंत्राला एका जिन्यासाठी फाशी, हा न्याय मला मान्य नाही. मी स्वतः याच बॉटबरोबर पाच-सहा 'प्रकरणं' सोडवली आहेत. मुंबईहून आलेल्या बोटीवरचं एक प्रकरण तर इतकं रंगलं की पहाटे दोन वाजले. राखेवरून विडी कुठली ते त्याने ओळखलं, मला दोनदा चकवलं. वाचकाला आणखी काय हवं असतं?

सायंतारा:
बखरकार, तुम्ही दिलेली सगळी उदाहरणं खरी आहेत आणि मला प्रियही आहेत. पण पाहा ना, डॉयलकडून निसटले ते तपशील. खांदा की पाय, जॉन की जेम्स. पहिल्या कादंबरीपासून १९२७ च्या शेवटच्या कथेपर्यंत चाळीस वर्षांत होम्स एकदाही समोरच्याला बरं वाटावं म्हणून खोट्याला हो म्हणत नाही. माझ्या बॉटचं बरोबर उलटं. तपशील चोख, आणि स्वभाव पहिल्या धक्क्याला खाली.

आणि तुमच्या बोटीवरच्या प्रकरणात तुम्ही त्याला मुद्दाम चुकीचं काही सांगून पाहिलंत का? खेळात आपण त्याच्या बाजूने असतो तोवर तो टिकतो. विरोधात गेलो की कळतं.

आणखी एक. दर चार वाक्यांनी तो 'अगदी प्राथमिक, माझ्या प्रिय वॉटसन' म्हणतो. हे वाक्य या रूपात डॉयलच्या ५६ कथा आणि ४ कादंबऱ्यांत एकदाही नाही. ते नाटक-सिनेमांनी रूढ केलं. कान झाकणारी ती टोपीसुद्धा चित्रकार सिडनी पॅजेटच्या रेखाटनांतून लोकांच्या मनात बसली. म्हणजे बॉट वठवतो तो पुस्तकातला होम्स नव्हे, होम्सबद्दल जगात जे जे बोललं गेलं त्या सगळ्याचा काढा.

कळफलक:
मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून आत काय घडतं ते सांगतो. चॅटबॉटमागच्या भाषेच्या मॉडेलच्या पोटात होम्स नावाचा कोणी बसलेला नसतो. तुम्ही ओळ लिहिली की ते तुमच्या संभाषणाचा आतापर्यंतचा मजकूर वाचतं आणि पुढचा तुकडा कुठला येईल याचा अंदाज बांधतं. 'तू होम्स आहेस' ही सूचना सगळ्यात वर, एका ओळीची. तिच्याखाली तुमच्याच शंभर ओळी साचल्या की त्या एका ओळीचं वजन उरत नाही. त्यात ही मॉडेलं माणसांच्या पसंतीनुसार घडवलेली असतात. दोन उत्तरांतलं कुठलं बरं, हे माणसं ठरवतात, आणि आपल्याला दुजोरा देणारं उत्तर माणसांना बरं वाटतं. पायऱ्या एकवीस कशा झाल्या, ते इथून आलं.

मराठीत एक जादा अडचण आहे. बहुतेक मॉडेलांत देवनागरी मजकुराचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. मॉडेल एका वेळी ठरावीक तुकडेच वाचू शकतं, म्हणजे तेवढ्याच जागेत मराठी संभाषण कमी मावतं, आणि सुरुवातीचं लवकर बाहेर पडतं.

पण म्हणून हात टेकायचं कारण नाही. मी मुलासाठी होम्स बसवला तेव्हा सूचना दीड पान लिहिली. होम्स काय करतो यापेक्षा काय करत नाही, ते जास्त. 'पुरावा दिल्याशिवाय मत बदलत नाही. आभार मानत नाही. प्रश्नाची स्तुती करत नाही. खगोलशास्त्र निघालं तर कंटाळतो.' शिवाय नमुन्याचे आठ संवाद, आणि दर दहा उत्तरांनंतर तीच सूचना पुन्हा. फरक जमीन-अस्मानाचा पडतो. दोष पात्र वठवण्याच्या कुवतीचा नाही, आपण देतो त्या तालमीचा आहे.

तिसरी घंटा:
तालमीचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. हौशी रंगभूमीवर पंचवीस वर्षं काढली आहेत. 'तो मी नव्हेच'मध्ये पणशीकर एका प्रयोगात पाच भूमिका करत. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे वेगळा आणि पुढची सोंगं वेगळी. चाल, आवाज, नजर, सगळं बदलायचं. पण पाचांच्या तळाशी एकच भामटा आहे, हे प्रेक्षकाला जाणवत राहायचं, कारण अत्र्यांनी ते नाटकात लिहिलेलंच होतं.

मी बॉटकडून होम्स, वॉटसन आणि होम्सचा वैरी मॉरिआर्टी असा तिघांचा प्रवेश करून घेतला. पहिली दोन पानं झकास. पाचव्या पानावर तिघांची नावं झाकली तर कोण बोलतोय ते मला ओळखता येईना. तिघेही समजूतदार, तिघेही दुसऱ्याचा मुद्दा मान्य करून मग आपला मांडणारे. मॉरिआर्टीने 'तुझी काळजी मी समजू शकतो' म्हटल्यावर मी थांबलो. इथेही तळाशी एकच माणूस आहे, पण तो लेखकाने ठेवलेला नाही.

कळफलक यांना एवढंच विचारतो, नटाला दर दहा वाक्यांनी विंगेतून 'तू हॅम्लेट आहेस रे' असं सांगावं लागलं, तर आपण त्याला भूमिका सापडली म्हणू का?

कळफलक:
प्रश्न रास्त आहे. पण प्रॉम्प्टर आपल्याकडेही असायचाच की! विंगेतून वाक्य मिळालं म्हणून कोणी चांगल्या नटाची भूमिका खोटी म्हटली नाही. प्रेक्षकापर्यंत काय पोचलं ते बघा.

खडूफळा:
होम्स सोडून जरा घराकडे येतो. सातवीच्या वर्गात मी बॉटला फास्टर फेणे केलं. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, मूळचा फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात. अर्ध्या वर्गाने पुस्तकं वाचली होती, बाकीच्यांना २०१७ चा सिनेमा माहीत.

फेणे 'ट्टॉक' करतो हे बॉटला कळलेलं होतं, पण कधी करतो ते नव्हतं. नमस्कार केला तरी ट्टॉक, गृहपाठ सांगितला तरी ट्टॉक. मग एका मुलीने त्याला पेचात टाकलं: गोदामाच्या मागच्या खिडकीतून दोन माणसं पोती आत टाकताहेत, सुभाष तुझ्याबरोबर आहे, काय करशील? बॉटचा फेणे म्हणाला, 'मित्रा सुभाष, आपण सर्वप्रथम विश्वासू मोठ्या व्यक्तीस कळवूया.'

वर्गात क्षणभर शांतता. मग मागच्या बाकावरून आवाज आला, 'सर, हा फेणे नाहीये. हे आपले मुख्याध्यापक आहेत.'

मुलांना काय खटकलं ते मी फळ्यावर लिहून घेतलं. एक, फेणे थांबत नाही, तो तोवर खिडकीखाली पोचलेला असतो. दोन, सुभाषला 'मित्रा सुभाष' कोण म्हणतं? तीन, 'व्यक्तीस' असं कोण बोलतं? तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. ती मराठी पुण्यातल्या मुलाची नव्हती, परिपत्रकाची होती.

याचं कारण मला असं दिसतं: होम्सचा शब्दन् शब्द नेटवर मोकळा आहे. त्याच्या शेवटच्या कथांवरचा अमेरिकेतला हक्कसुद्धा १ जानेवारी २०२३ ला संपला. भागवत २००१ साली गेले. आपल्या कायद्याने लेखकाच्या पश्चात साठ वर्षं हक्क राहतो, आणि तो राहावाच. पण त्यामुळे बॉटच्या वाट्याला फेणेची पुस्तकं कमी आणि पुस्तकांविषयीची माहिती जास्त आली असणार. होम्स तरी त्याने वाचलेला आहे. फेणेबद्दल त्याने बहुधा ऐकलेलंच आहे.

दोन मुलांची आई:
मी सरांच्या विरुद्ध बाजूने बोलणार आहे. माझा नऊ वर्षांचा मुलगा याच फेणेशी बोलतो, एकटा, मी स्वयंपाकघरात असताना. त्याने गोदामाची गोष्ट सांगितली आणि उत्तर 'चल, खिडकीतून आत शिरू' असं आलं, तर मला ते चालणार नाही. पुस्तकातला फेणे धावला तरी पुस्तक मिटवता येतं, आणि पुढच्या पानावर भागवत त्याला सोडवणार याची खात्री असते. बॉटचा फेणे माझ्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर देत असतो. तो थोडा मुख्याध्यापक झाला तर होऊ दे.

खडूफळा:
ताई, हा मुद्दा मी हलक्यावर घेणार नाही. माझ्याही मनात तो होता. मला वाटतं, मूल गोष्ट रचतंय की स्वतःबद्दल विचारतंय, यात फरक करायला हवा. स्वतःबद्दल विचारत असेल तर बॉटने सोंग उतरवून सरळ मोठ्या माणसासारखं बोलावं, मला ते आवडेल. पण फेणेच्या तोंडून बोधवचन नको. तसं झालं की मुलाला ना फेणे मिळतो, ना नीट सल्ला.

दोन मुलांची आई:
हे पटतं. पण तो फरक त्याला ओळखता येतो का, तेवढं दिसेपर्यंत मी शेजारीच बसणार आहे.

बखरकार:
अवांतर, पण सांगावंसं वाटतं. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात जोसेफ वायझेनबॉमने पहिला गाजलेला बोलका प्रोग्रॅम लिहिला, त्याचं नाव एलायझा. शॉच्या 'पिग्मॅलियन'मधली फुलवाली एलायझा, म्हणजे पुलंच्या 'ती फुलराणी'तली आपली मंजुळा. तिच्यासारखंच याचंही बोलणं शिकवून सुधारत नेता येतं, यावरूनच ते नाव ठेवलेलं. एलायझाचं गाजलेलं सोंग मानसोपचारतज्ज्ञाचं, पण करायची काय, तर बहुतेक वेळा आपलंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायची. तरी लोक तिच्याशी मन मोकळं करायचे. वाचकाच्या बाजूने बरंच काही भरलं जातं, एवढंच मला पहिल्यापासून म्हणायचं होतं.

सायंतारा, तुमच्या सांगण्यावरून काल माझ्या होम्सला खोटं बोलून पाहिलं. राख लंकेच्या चिरूटाची नसून विडीची आहे असं आधी तोच म्हणाला होता. मी 'चिरूटच' म्हटलं. तो लगेच चिरूटावर आला. वाईट वाटलं, हे कबूल करतो. ती पहाटे दोनपर्यंतची मजा मात्र मी परत देणार नाही.

सायंतारा:
देऊही नका. ती खरीच होती.

कळफलक, तुमच्या पद्धतीने मीही दीड पान लिहिलं. नमुन्याचे आठ संवाद माझ्या स्मरणातून, माझ्या मराठीत. काल चाळिसाव्या प्रश्नाला पुन्हा जिन्यावर आले. 'एकवीस' म्हटल्यावर तो म्हणाला, 'मग तुम्ही दुसऱ्या कोणाच्या घरी गेला होतात.' मी एकटीच मोठ्याने हसले. तेवढ्यापुरतं माझं मत हललं, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

पण एक गोष्ट अजून सुटत नाहीये. इंग्रजीत 'यू' म्हटलं की भागतं. मराठीत होम्सने वॉटसनला काय म्हणायचं, हे ठरवावंच लागतं. मी ठरवलं: पहिल्या कादंबरीतली नुकतीच ओळख असेल तर 'तुम्ही', आणि कथेतल्या १८९४ मध्ये, मेला असं समजलेला होम्स परत येतो आणि वॉटसनला भोवळ येते, तिथून पुढे 'तू'. सूचनेत तसं स्पष्ट लिहिलं. बॉट पहिल्या भेटीतच 'तुम्ही'वरून 'तू'वर येतो, मग 'आपण', मग पुन्हा 'तुम्ही'. एका परिच्छेदात तिन्ही! दोघांमधलं अंतर किती, हे त्याला धरून ठेवता येत नाही, आणि माझ्यासाठी त्या गोष्टींतलं निम्मं सुख त्या अंतरातच आहे.

कळफलक:
हे मी तपासलंच नव्हतं. नमुन्याच्या संवादांत दोन्ही काळ एकत्र ठेवलेत का? तसं असेल तर दोन वेगळ्या सूचना करून पाहा, एक पहिल्या भेटीची, एक परतण्यानंतरची, आणि पहिलं चुकीचं 'तू' कितव्या उत्तरात आलं तेवढं कळवा. मी आज रात्री फेणे-सुभाषवर तेच करून पाहतो. खडूफळा सर, मुलांनी फळ्यावर लिहिलेली यादी पूर्ण पाठवता का?