चिपिंग क्लेगहॉर्नची उघडी दारं
खेड्यातल्या रहस्यकथांमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे हौशी गुप्तहेराचं काम सोपं होतं, असं म्हटलं जातं. ॲगाथा ख्रिस्तीची हौशी गुप्तहेर मिस मार्पल, तिच्या सुरुवातीच्या कथांबाबत मान्य. पण ख्रिस्तीची 1950 सालची मिस मार्पल कादंबरी 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' नेमकी उलट्या पायावर उभी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कादंबरीतल्या चिपिंग क्लेगहॉर्न या गावात कुठून कुठून माणसं येऊन राहिलीत. पूर्वी नवीन माणूस ओळखीच्याचं पत्र घेऊन यायचा, आता तो स्वतःबद्दल सांगेल तेच खरं धरायचं, असं मिस मार्पलच इन्स्पेक्टर क्रॅडॉकला समजावते. ब्रिटनमध्ये तेव्हा ओळखपत्रं सक्तीची होती (1952 पर्यंत), पण सर्वसामान्यांच्या ओळखपत्रावर ना फोटो, ना बोटांचे ठसे. कार्ड हातात असलं की झालं!

रेशनिंगचा विषय तर राहिलाच, आणि मला तर तोच सगळ्यात आवडतो. ब्रिटनमधलं रेशनिंग 1954 पर्यंत चाललं. कादंबरीतल्या गावात लोणी, भाज्या असं काहीबाही गुपचूप एकमेकांना दिलं-घेतलं जातं. नियमात न बसणारा व्यवहार, म्हणून शेजारीण येते, वस्तू आत ठेवते आणि निघून जाते. त्यासाठी दारं उघडी. म्हणजे कोणत्याही घरात कुणीही कधीही शिरू शकतं, आणि पोलिसांपुढे हे कबूल करायला मात्र सगळे कचरतात. टंचाईतून आलेली ही सवय ख्रिस्तीने तपासातली खरीखुरी अडचण करून टाकली आहे. शेवट इथे फोडत नाही, ज्यांनी वाचली नसेल त्यांनी जरूर वाचा.