चिंपांझी आपल्याच जातीच्या जिवावर का उठतात? (जुळे सोलापूर, सोसायटी ग्रुप)

बिराजदार (बी-२०३): चिंपांझींच्या टोळीने आपल्याच जातीच्या एकट्या नराला ठार मारल्याचे काल दूरचित्रवाणीवर पाहिले. वाघ पोटासाठी मारतो हे नातवाला ठाऊक आहे. पण येथे भुकेचा प्रश्न नसताना जीव का घेतला, याचे उत्तर मला देता आले नाही. कुलकर्णी सर, आपण प्राणिशास्त्र शिकवलेले आहे, तेव्हा कृपया सांगावे.

कुलकर्णी सर (ए-४०१): बिराजदारसाहेब, सर्वांत गाजलेले उदाहरण टांझानियातील गोम्बेचे आहे. संशोधिका जेन गुडॉल अभ्यासत असलेली टोळी दुभंगली आणि १९७४ ते १९७८ या काळात कासाकेला गटातील नरांनी, पूर्वी ज्यांच्यासोबत ते वावरले होते त्याच काहामा गटातील नरांना एकेकटे गाठून संपवले. त्यांना राग अनावर झाला होता असे मानण्यापेक्षा त्यांना संधी अचूक कळत होती असे मानणे मला सयुक्तिक वाटते.

शेख मॅडम (सी-१०२): सर, परंतु तेथे संशोधकच केळी घालत असत ना? देवळाबाहेर फुटाणे टाकले की शांत बसलेली माकडेही एकमेकांना ओरबाडू लागतात.

कुलकर्णी सर: शंका रास्त आहे, काही अभ्यासकही हेच म्हणत. मात्र २०१४ मध्ये चिंपांझींच्या १८ समूहांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा प्रत्यक्ष पाहिलेल्या, पुराव्यावरून ताडलेल्या आणि संशयित अशा १५२ हत्या आढळल्या. त्यांचे प्रमाण माणसाच्या हस्तक्षेपाशी जुळले नाही, तर नरांची संख्या आणि वस्तीची दाटी यांच्याशी जुळले. हल्लेखोर साधारणपणे आठास एक असे भारी होते, म्हणजे त्यांना स्वतःला इजा होण्याचे भय फारसे नव्हते. युगांडातील न्गोगोत कोणी केळी घातली नव्हती, तरीही तेथील नर आवाज न करता सरहद्दीवर गस्त घालत, दहा वर्षे शेजाऱ्यांना मारत राहिले आणि २००९ पर्यंत त्यांनी आपला मुलूख सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. मुलूख वाढला की फळझाडे वाढतात आणि माद्यांना पोटभर मिळते.

कोळी काकू (ए-१०४): मग काही प्राणी तान्ह्या पिल्लांनाही मारतात, त्यात काय लाभ?

कुलकर्णी सर: वहिनी, अंगावर पाजणारी मादी सहसा पुन्हा माजावर येत नाही, म्हणून बाहेरून आलेला नर आधीच्या नराची पिल्ले मारतो. गोरिलांत हे दिसते, आणि आपल्या विजापूर रस्त्याने पुढे लागणाऱ्या धारवाडजवळच्या वानरांतही सुगियामा या जपानी संशोधकाने १९६०च्या दशकात हे नोंदवले (अर्थात ती शेपटीवाली माकडे, चिंपांझीच्या कुळातली नव्हेत). गोम्बेतील पॅशन आणि पोम या मायलेकींनी मात्र इतर माद्यांची पिल्ले हिसकावून खाल्ली. तेथे हा खुलासा लागू पडत नाही.

बिराजदार: नातू विचारतो, चिंपांझींचे जवळचे नातलग असलेले बोनोबोही असेच करतात का?

कुलकर्णी सर: २०१४ च्या त्याच पाहणीतील बोनोबोंच्या चार समूहांत एकच संशयित हत्या सापडली. त्यांच्या माद्या एकजुटीने नरांना आवरतात आणि टोळ्या फारशा विखुरत नाहीत, त्यामुळे एकटा शेजारी आठांच्या तावडीत सापडण्याचा प्रसंगच क्वचित येतो.