मदत हवी आहे: मेटलवरून सिंथ-पॉपकडे वळतोय, बेसचं काय करू?

सांगलीत विश्रामबागला आमचा मेटल बँड होता. ड्रमर नोकरीसाठी पुण्याला गेला आणि डबल बेस ड्रमचा धडधडाट थांबला (शेजारच्या काकू खूश!). उरलेल्या दोघांना आता इलेक्ट्रॉनिक पॉप करायचंय. नॉर्वेचा उल्व्हर बँड डोळ्यासमोर आहे: १९९५ ला ब्लॅक मेटल, २००० ला इलेक्ट्रॉनिक, २०१७ ला चक्क सिंथ-पॉप, पण उदासी तीच.

आमच्याकडे किक (बेस ड्रमचा ठोका) आणि बेसलाइन एकमेकांवर चढतात, नुसता गिचका. साइडचेन कॉम्प्रेशन (किक वाजली की बेसचा आवाज आपोआप दाबणं) लावलं की बेसला उचकी लागल्यासारखं वाजतं. टेम्पो मिनिटाला १२० ठोके आहे, रिलीज (दबलेला आवाज परत वर यायचा वेळ) किती ठेवू? आणि लो-ट्यून (खालच्या सुरात लावलेली) गिटार ठेवायची, की ती जागा सिंथेसायझरला द्यायची? माझं मत गिटार ठेवावी, दोस्त ऐकत नाही.

सांगली-मिरजेत कुणी लाइव्हला एबलटन (संगीताचं सॉफ्टवेअर) वापरत असेल तर सांगा, येऊन बघतो.